मदत हवी आहे: मोहरीचा मध थंडीत एकसारखा कसा गोठवायचा?

मंडळी, मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशीच्या) पेट्या थंडीत मोहरीवर ठेवणाऱ्यांना विचारायचं आहे. मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त, त्यामुळे तो गोठणारच. गिऱ्हाइकाला मात्र साखर घातल्याचा संशय येतो. म्हणून पातळ करून विकण्यापेक्षा मऊ, पोळीला लावता येईल असा गोठलेला मध बरण्यांत भरायचा आहे.

मध गाळून दोन दिवस स्थिर ठेवतो, वरचा फेस काढतो. मग १० किलोला १ किलो बारीक कणांच्या मधाचं विरजण लावून हळू ढवळतो. हवा शिरली तर पांढरे डाग पडतात.

अडचण तापमानाची. कण धरायला १४ अंशांच्या आसपास सगळ्यात चांगलं, पण खोलीत रात्री ९ आणि दुपारी २५. दुपारी बारीक कण विरघळतात, रात्री मोठ्या कणांवर चढतात. तळाशी रवाळ थर, वर पातळ मध. काढताना आर्द्रता १९ टक्के होती, वरच्या थरात आता रिफ्रॅक्टोमीटर (मधातली आर्द्रता मोजायचं उपकरण) २१ दाखवतो आणि किंचित आंबूस वास येतो. तो थर वेगळा काढला आहे.

१४ अंश टिकवायला जुन्या फ्रिजला तापमान-नियंत्रक लावून कुणी केलंय का? विरजणापूर्वी आर्द्रता १८ च्या खाली आणायला बंद खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) पुरतो का? आणि २५ किलोचा गोठलेला डबा पातळ करायला ४०–४५ अंशांच्या पाण्यात किती तास ठेवता? कडेचा मध जास्त तापून एचएमएफ (मध तापवल्यावर वाढणारा, दर्जा घसरल्याचं दाखवणारा घटक) वाढायला नको.