मदत हवी आहे: लायकर्गस चषकावरील कोरीवकाम कसे केले असेल?

नमस्कार. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील लायकर्गस चषकाविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. इसवी सनाच्या ४थ्या शतकातील, सुमारे १६ सेंटिमीटर उंचीचे हे रोमन काचपात्र बाहेरून उजेड पडला की हिरवे दिसते आणि आत दिवा ठेवला की लालभडक दिसते. काचेतील सोन्याचांदीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे हे घडते, इथपर्यंत समजले.

माझी अडचण कोरीवकामाची आहे. जाड भिंतीचे साधे काचभांडे घेऊन ते बाहेरून घासत घासत, द्राक्षवेलीने जखडलेला ग्रीक पुराणकथेतील राजा लायकर्गस आणि भोवतालच्या आकृत्या उठावात आणल्या, आणि काही भाग तर मूळ भिंतीपासून सुटे करून केवळ बारीक काचदांड्यांच्या आधारावर ठेवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आकृत्या भांड्याच्या आतील बाजूनेही पोखरलेल्या आहेत, हे विशेष. इतक्या अरुंद फटीत, काचेला तडा जाऊ न देता, हत्यार कसे फिरवले असेल? घासण्यासाठी कोणती पूड वापरली असावी? अशी पात्रे साच्यात घडवली असावीत, हे दुसरे मत मला फारसे पटत नाही. तरी त्याच्या बाजूने ठोस पुरावा असल्यास अवश्य सांगावा. काचेवर किंवा रत्नांवर प्रत्यक्ष कोरीवकाम करणाऱ्यांचे मत विशेष मोलाचे ठरेल.