वेकोलिच्या आधी इथे नुसते जंगल होते का?

वणीकर:
परवाच्या पोस्टमध्ये एका भाऊंनी वेकोलिबद्दल, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीबद्दल, लिहिले की, "१९७५ मध्ये वेकोलि आली, तेव्हा कुठे चंद्रपूर जिल्ह्याला कोळसा ठाऊक झाला, तोवर इथे नुसते जंगल होते." हे वाचून मला राहवले नाही. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली गेली आणि १९०६ मध्ये ती खाण बंदही पडली. वेकोलिचा जन्म झाला तेव्हा वरोऱ्याची खाण बंद पडून जवळजवळ सत्तर वर्षे उलटली होती.

शेतकरीपुत्र:
पोस्ट माझीच आहे. ती रेल्वे हिंगणघाटचा कापूसही नेत होती, त्यामुळे सगळे श्रेय कोळशाला देऊ नका. वरोऱ्याचा उल्लेख राहिला, हे कबूल. परंतु माझा मुद्दा जमिनीचा आहे. आमच्या बांधाला लागून ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचा, ढिगारा उभा आहे आणि दर पावसाळ्यात त्याचा गाळ नाल्यावाटे तुरीत येऊन बसतो. जमीन आमची गेली, नोकऱ्या मात्र पहिल्यापासून बाहेरच्यांनाच मिळाल्या.

राजुऱ्याची नात:
बाहेरचे म्हणजे कोण, हे एकदा स्पष्ट सांगा. माझी आजी राजुऱ्याकडची. राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरकडे कामाला आलेली ती बाईही परकीच ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती खाणीत उतरली आणि डोक्यावरून कोळसा वाहिला.

शेतकरीपुत्र:
ताई, बायकांना खाणीत उतरायला इंग्रजांनीच बंदी केली होती. घरात ऐकलेल्या गोष्टींना इतिहास म्हणता येत नाही.

राजुऱ्याची नात:
बंदी होती, पण युद्धासाठी कोळसा कमी पडू लागल्यावर १९४३ मध्ये ती उठवली गेली, आणि तीही सर्वांत आधी आपल्या मध्य प्रांतात. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. या निर्णयावर कायदेमंडळात टीका झाली, तेव्हा स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले होते. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली आणि आजीचे काम सुटले. तिची चुंबळ आमच्या घरी आहे. जुन्या लुगड्याची ती चुंबळ आईने मागे एकदा धुवायला घेतली, तर तीन पाण्यांनंतरही घमेल्यात काळेच उतरत होते. आईने ती तशीच वाळवून ठेवून दिली. तुम्हाला आणखी कोणता पुरावा हवा आहे?

वणीकर:
ताईंचे सन बरोबर आहेत. तेलंगणातून आणि छत्तीसगडातून आलेल्या माणसांच्या चौथ्या पिढीला आज "बाहेरचे" म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

शेतकरीपुत्र:
अन्याय कोणावर झाला, ते मला शिकवू नका. सातबारा हातात घेऊन माझे वडील गेलेल्या जमिनीच्या बदल्यातल्या नोकरीसाठी अकरा वर्षे खेटे घालत होते, आणि नोकरीचे पत्र आले तेव्हा माझे वय निघून गेले होते. हे तुमच्यापैकी कोणी सोसलेले नाही.

राजुऱ्याची नात:
नाही सोसले, मान्य आहे. पण ते पत्र अडवणारी माझी आजी नव्हती.

शेतकरीपुत्र:
ठीक आहे. "नुसते जंगल होते" ही ओळ मी काढतो आणि वरोऱ्याचे साल घालतो. आजीबद्दल जे बोललो, तेही मागे घेतो. जमिनीबद्दलचा एकही शब्द बदलणार नाही.

वणीकर:
तो बदला असे कोणी म्हटलेलेच नाही, भाऊ. ते अकरा वर्षांचे खेटेही त्याच पोस्टमध्ये लिहा.