मदत हवी आहे: ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे डेबियनचं अपग्रेड अर्ध्यावर अडकलंय

नमस्कार मंडळी. बाबांच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर काल रात्री डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या 12 व्या आवृत्तीवरून 13 वर जायला घेतलं आणि मध्येच अडकलं. नवा 6.12 कर्नल (सिस्टिमचा गाभा) उतरला, पण त्याच्यासाठी ग्राफिक्स ड्रायव्हरचं मॉड्यूल बनवताना डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बनवणारं साधन) फसतं, आणि त्यापायी कर्नलचं पॅकेजही अर्धवट राहतं. पॅकेजेस सांभाळणाऱ्या डीपीकेजीच्या 'डीपीकेजी -एल' यादीत दोन्हींपुढे 'आयएफ' दिसतंय, म्हणजे कॉन्फिगर होता होता अडलेलं. अर्धवट राहिलेलं पूर्ण करायला 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' तीनदा चालवलं. दर वेळी पंखा घरघरतो आणि दोनेक मिनिटांनी त्याच ओळीवर एरर.

कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइल्स) आहेत, बूट पार्टिशनमध्ये जागाही आहे, तपासलं. लॉगमध्ये ड्रायव्हरच्या कोडमधल्या एका फंक्शनचे आर्ग्युमेंट्स जुळत नाहीत असं येतंय. कार्ड जुनं, ड्रायव्हरही आधीच्या 6.1 कर्नलच्या काळातला, त्यामुळे मला वाटतं खरं दुखणं तिथेच.

मशीन अजून बंद केलेलं नाही. विचार असा आहे, की आधी ड्रायव्हरची सगळी पॅकेजेस पर्ज करायची (सेटिंग्जसकट काढून टाकायची), मग कॉन्फिगर, मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' आणि शेवटी फुल-अपग्रेड. स्क्रीन नूवो या मुक्त ड्रायव्हरवर चालली तरी पुरे, आम्हाला डिझाइनसाठी इंकस्केप आणि स्क्राइबसच लागतं. हा क्रम बरोबर आहे का? पर्ज करताना डेस्कटॉपच उडणार नाही ना? रीस्टार्टआधी इनिटरॅमएफएस (बूट होताना कर्नलसोबत आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) वेगळं बनवावं लागेल का?

फाइल्सचा बॅकअप पेनड्राइव्हवर आहे, पण शुक्रवारी दोन लग्नपत्रिका द्यायच्यात. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा, लागेल तो लॉग लगेच टाकतो.