अख्खा ड्राइव्ह नको, निवडक फोल्डर कॉम्प्रेस करा
विंडोजमध्ये जागा कमी पडतेय म्हणून अख्खा सी ड्राइव्ह कॉम्प्रेस करायचा (म्हणजे फाईली दाबून कमी जागेत बसवायचा) सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. आधी आत काय भरलंय ते बघा. फोटो, व्हिडिओ, गाणी, झिप या फाईली मुळातच कॉम्प्रेस केलेल्या असतात. तिथे जवळपास काहीच वाचत नाही. फायदा होतो तो टेक्स्ट, लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाईली), सीएसव्ही (साध्या मजकुरातले तक्ते), सोर्स कोड यांत, कारण तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा येतो. जुन्या लॉगच्या एखाद्या फोल्डरवर करून बघा आणि प्रॉपर्टीजमधले ‘साईज’ व ‘साईज ऑन डिस्क’ हे आकडे ताडून पाहा, लगेच कळेल.

एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत, नेहमीच्या ४ केबी क्लस्टरवर (क्लस्टर म्हणजे डिस्कवरच्या जागेचा सर्वात लहान तुकडा) फाईलचा ६४ केबीचा एकेक भाग वेगळा कॉम्प्रेस करतं. नुसत्या वाचायच्या फाईलींना त्याचा फारसा त्रास नाही, पण सतत बदलणाऱ्या फाईलींचे तुकडे डिस्कभर विखुरतात. म्हणून डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाईल) यांना हात लावू नका, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तर मुळीच नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर सिस्टिम फाईलींसाठी कॉम्पॅक्ट ओएस ही वेगळी सोय आहे, ती वापरा. आणि हो, विंडोजचं स्वतःचं फाईल एन्क्रिप्शन (फाईल सांकेतिक रूपात कुलूपबंद करायची सोय) वापरत असाल तर तीच फाईल कॉम्प्रेसही करता येत नाही, दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.