अनुभव धागा: माल खराब निघाला, नुकसान झालं, कंपनीकडून भरपाई मागितली… तुमचं काय झालं?

शिवारातली लेक
दसऱ्याच्या साफसफाईला माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आण्णांच्या डायऱ्या निघाल्या. एकीत बियाण्याच्या पिशवीचं निळं लेबल, सुतळीचा तुकडा अजून ओवलेला. तिथंच खाली बसले.

2013 चा मृग. निपाणीजवळ आमचं रान. चार एकराला सोयाबीनच्या चार पिशव्या, तीस किलोची एक. पेरून सात दिवस झाले आणि आण्णा सकाळी रानातनं येऊन ओसरीवर बसले, चहा पण नको म्हणाले. मी बघायला गेले. पेरणीच्या तासात, म्हणजे ओळीत, हातभर अंतरावर एखादं रोप. मधली माती उकरली तर बी तसंच खाली, फुगून बुळबुळीत झालेलं, चिमटीत दाबलं की आंबूस वासाचा लगदा.

कंपनीचा माणूस आला आणि बांधावरनंच म्हणाला, खोल पेरलंय तुम्ही. आण्णांनी त्याचा हात धरून पलीकडं नेलं. तिथं अर्ध्या एकरात घरचं बी होतं. पेरणीची तीच कुरी, तोच गडी, तोच दिवस. ते तरारून आलं होतं. त्यावर तो म्हणाला, पाऊस जास्त झाला. जणू पाऊस आमच्या चार एकरावरच पडला आणि बांध ओलांडून गेलाच नाही!

आण्णांनी त्याच दिवशी कृषी खात्याला अर्ज दिला. अधिकारी तिसऱ्या दिवशी आले, पाच-सहा ठिकाणी एक-एक मीटर तास मोजून रोपं लिहून घेतली. लेबलवर उगवण किमान 70 टक्के. रानात शंभराला वीससुद्धा भरेनात. त्या पंचनाम्यावर सगळी केस उभी राहिली.

ग्राहक मंचात कंपनीचं म्हणणं, प्रयोगशाळेचा अहवाल कुठाय? बी तर सगळं मातीत गेलेलं. आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा 2012 चा निकाल पुढं ठेवला, राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी. शेतकरी हाही ग्राहकच, आणि पुढं भांडायला लागेल म्हणून तो बी बाजूला काढून ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही, असं त्यात आहे. 2016 ला आमच्या बाजूनं निकाल लागला. कंपनी अपिलात बेंगळुरूला गेली. पैसे हातात आले 2018 ला. बियाण्याची किंमत, पिकाचं थोडं नुकसान आणि व्याज. आण्णांनी आधी काय केलं तर दुबार पेरणीला शेजारच्या काकांनी उसनं दिलेलं बी फेडलं. काका नको नको म्हणत होते.

आण्णा आता नाहीत. लेबल परत डायरीत ठेवलं. कुणाला असं भांडावं लागलं असेल तर लिहा. कंपनीचं नाव नको, तुम्ही काय केलं ते लिहा.

उचगावकर
आण्णांना नमस्कार. बांधावरनं बोलणाऱ्याला हात धरून रानात नेणारा माणूस पाहिजे.

शहापूरची सून
माझा कुकर. तूरडाळ लावलेली, दुसरी शिट्टी होते न होते तोच झाकण उडालं. डाळ छताला, पंख्याला, देव्हाऱ्यावर. डाव्या हाताला कोपरापर्यंत भाजलं, पंधरा दिवस पोळ्या सासूबाईंनी केल्या. कुकर घेऊन सात महिने झाले होते.

कंपनी म्हणाली रबर बाहेरचं वापरलंय. नव्हतं हो वापरलं! मूळचंच होतं. पण दाखवू कशी? भाजल्यावर चार दिवसांनी ते वाकडं झाकण आणि रबर भंगारवाल्याला देऊन टाकलेलं. घरात बघवत नव्हतं म्हणून दिलं. शेवटी नुसता नवा कुकर मिळाला, दवाखान्याचा एक रुपया नाही. तो कुकर मी कधी वापरलाच नाही, नणंदेला दिला.

तांबडी माती
@शहापूरची सून हात आता बरा आहे ना? डाग राहिले का?

शहापूरची सून
थोडे राहिलेत. थंडीत ओढतंय. आता आयएसआय बघितल्याशिवाय कुकर घेत नाही. प्रेशर कुकरला तो आता सक्तीचाच आहे, आयएस 2347. दुकानदार चालतंय की हो म्हणाला तरी मी उलटा करून शिक्का बघते.

कडोलीकर
आमचं बटाट्याचं सांगतो. बेणं जालंधरकडचं. अर्धं कुजून गेलं जमिनीतच. दुकानात गेलो तर म्हणतोय बिल दाखवा. बिल कुठलं, पांढऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलनं आकडा. पाच रुपये वाचतात म्हणून आपणच कच्च्या चिठ्ठीवर घेतो आणि मग कुठंच उभं राहता येत नाही. वडिलांपासनं त्याच दुकानात जातोय, कधी बिल मागितलं नाही. मागायची लाज वाटायची बगा.

येळ्ळूरची
बटाट्यावरनं आठवलं, यंदा रताळी कशी आहेत तुमच्याकडं? नवरात्रात दर बरा होता म्हणे.

कडोलीकर
बरी हायत. पाऊस लांबला म्हणून काढणी मागं. तुमच्याकडं भात पडलं का वाऱ्यानं?

येळ्ळूरची
बांधाकडंचं पडलंय थोडं. इंद्रायणी उंच वाढतंय त्यामुळं. चला दूध उतू चाललंय.

खासबागचा माग
आमचे दोन माग, घरातच. मी, बायको आणि थोरला मुलगा. 2021 ला लाल रंगाचं सूत घेतलं, पक्का रंग म्हणून. अठरा साड्या विणून दिल्या. पंधरा दिवसांनी व्यापाऱ्यानं त्या माझ्या दारात आणून टाकल्या. घडी उलगडली तर पांढऱ्या अंगावर घडीघडीला काठाचा लाल उमटलेला, कुंकू सांडल्यासारखा. गोदामातल्या नुसत्या दमटपणानं. पाणीसुद्धा लागलेलं नव्हतं.

तक्रार घातली तर सूतवाले म्हणाले, हा ग्राहकच नाही, धंद्यासाठी माल घेतो. त्या दिवशी खचलो होतो खरंच. मग एका वकीलबाईंनी सांगितलं की स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतलेला माल असेल तर ग्राहकच धरतात, कायद्यात तसं लिहिलंय. आम्ही रेशन कार्ड दिलं, मागाचे फोटो दिले, पगारी माणूस कोणी नाही हे लिहून दिलं. एक साडी आणि उरलेली सुताची लडी तपासणीला गेली. तपासणीची फी आधी मीच भरली. अहवाल आला, रंग कच्चा.

अठराही साड्यांचे पैसे मिळाले, मजुरी धरून. व्यापारी मात्र परत आला नाही. वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं. त्याची भरपाई कुठं मागायची?

शिवारातली लेक
@खासबागचा माग दादा, शेवटची ओळ वाचून डोळ्यात पाणी आलं. वहिनींना नमस्कार सांगा.

कागद जपणारा
मी वकील नाही, पण स्वतःच्या तीन तक्रारी चालवल्या आहेत, त्यातून कळलं ते लिहितो. 2019 चा नवा ग्राहक कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष मालामुळं इजा झाली किंवा दुसरी वस्तू जळली-मोडली तर त्याची भरपाई मागायला त्यात वेगळं प्रकरणच आहे, आणि बनवणारा, विकणारा, दुरुस्ती करणारा असे तिघेही त्यात येऊ शकतात. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर जिल्हा आयोगात (आधीचा ग्राहक मंच) फी नाही. वकील घेतलाच पाहिजे असंही नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं. बऱ्याच कंपन्या तिथंच नमतात.

सदलग्याचा
माझा प्रश्न. पाण्याची मोटर कोल्हापुरातनं घेतली. अडीच महिन्यात जळली, जळताना स्टार्टर आणि केबल पण घेऊन गेली. कंपनी पुण्याची. दुकानदार म्हणतो तुम्ही कर्नाटकातले, तुमचं इथं चालत नाही. इथं विचारलं तर म्हणतात माल महाराष्ट्रातला, तिकडं जावा. आम्ही नेमकं कुणाचे?

उचगावकर
हा प्रश्न 1956 पासनं विचारतोय आपण सगळे.

कागद जपणारा
@सदलग्याचा दोघंही चुकीचं सांगतात. जुन्या, 1986 च्या कायद्यात ही अडचण खरी होती. दुकान किंवा कंपनी जिथं, नाहीतर व्यवहार जिथं झाला तिथंच जायला लागायचं. नव्या कायद्यात तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार घालता येते. म्हणजे तुम्हाला बेळगावातच. कोल्हापूर, पुणे कुठंच जायचं नाही. सीमेवरच्या माणसाला या एका कलमानं दिलं तेवढं कुणी दिलं नाही. मनापासून सांगतो.

सदलग्याचा
खरं सांगताय? मी आठ महिने गप्प बसलोय या एका गोष्टीसाठी.

कागद जपणारा
अजून वेळ आहे. मोटर रिवाइंडिंगला देऊ नका. तशीच ठेवा.

जांबोटी घाट
सगळ्यांना मान देऊन एक बोलते. तारखांना जाणं सगळ्यांना जमत नाही. माझा फ्रिज जळला, भिंत काळी झाली, वरच्या फळीवरची मुलीची वह्या-पुस्तकं गेली. मे महिना, बारावीचा निकाल नुकता लागलेला, तिची सर्टिफिकेटं वाचली एवढंच. जांबोटीतनं बेळगावला जायचं म्हणजे दिवस जातो. घरात आजारी सासरे. कंपनीनं नवा फ्रिज आणि दहा हजार देऊ केले, मी सही केली. शेजारी म्हणाले घाबरलीस. घाबरले नव्हते. मला तेव्हा घरात फ्रिज पाहिजे होता, सासऱ्यांचं इन्सुलिन त्यात असतं.

शहापूरची सून
@जांबोटी घाट अजिबात चुकलं नाही तुमचं ताई.

कागद जपणारा
बरोबर केलंत. मी लिहिलं ते ज्यांना लढायचंय त्यांच्यासाठी. आता तक्रार ऑनलाइन घालता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते, पण तुमच्याकडं घाटात रेंज असेल तर.

जांबोटी घाट
पावसात लाईटच नसते दादा तीन-तीन दिवस. पण ज्यांच्याकडं आहे त्यांनी जरूर करावं. एक सांगायचं राहिलं, सही करायच्या कागदावर "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं होतं. मी इंग्रजी वाचून घेतलं मुलीकडून. न वाचता सही करू नका.

वडगावकर
मिक्सरची कॉइल भरून देणारा कोण आहे का खडेबाजारात? आधी होता तो मारुती गल्लीच्या कोपऱ्यावर, आता दिसत नाही.

तांबडी माती
@वडगावकर किती जुना आहे? वॉरंटीत असेल तर उघडू नका!!

वडगावकर
चार महिने. वास आला आणि धूर. बायकोच्या बोटाला झटका बसला. मी म्हटलं शंभर-दोनशेत होऊन जाईल.

शहापूरची सून
अहो झटका बसला म्हणताय आणि कॉइल काय भरताय! आधी वहिनींना डॉक्टरला दाखवा, कागदावर लिहून घ्या. मग मिक्सर पिशवीत बांधून ठेवा. माझं झाकण गेलं तसं तुमचं घालवू नका.

बेनाडीचा पोरगा
आमच्याकडं बियाणं घेतलं की आई आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवती. पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजायचे. सत्तरच्या खाली आले की पिशवी परत. दुकानदार आईला ओळखून आहे, आधीच चांगली पिशवी काढून ठेवतोय. सोयाबीनचं साल पातळ, पिशवी ट्रकमधनं आपटली तरी बी मरतंय, म्हणून आई पिशवी डोक्यावरनं खाली टाकू देत नाही कुणाला.

शिवारातली लेक
@बेनाडीचा पोरगा आमच्याकडं घरच्या बियाण्याला हे करायचे, विकतच्याला नाही. लेबल होतं ना, त्याच्यावर विश्वास. आईंना माझा नमस्कार.

मघाशी एक लिहायचं राहिलं. आण्णांचा जबाब मराठीत, टायपिंग कन्नडमध्ये. टाइप झाल्यावर आण्णांनी तो कागद पूर्ण वाचला, त्यांना कन्नड चांगलं येत होतं. एका ठिकाणी "पीक कमी आलं" असं होतं. आण्णा म्हणाले, पीक कमी आलं नाही, बी उगवलंच नाही, हे दोन वेगळं आहे. कागद परत टाइप करून घेतला. अर्धा तास सगळे थांबले होते. मला तेव्हा लाज वाटली होती, एवढ्याशा शब्दासाठी काय. पुढं कंपनीच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं, कमी पिकाला पाऊस जबाबदार नाही का म्हणून.

सदलग्याचा
बिल सापडलं! कपाटात लाईट बिलांच्या खाली. पण छापील अक्षरं उडालीत, तारीख आणि मोटरचा नंबर तेवढा पुसट दिसतोय.

कागद जपणारा
त्या कागदाचं तसंच होतं, उष्णतेनं छापतात. आत्ताच्या आत्ता उजेडात फोटो काढा, मग झेरॉक्स. मोटरवरच्या पत्र्यावरच्या नंबरचाही फोटो घ्या, दोन्ही जुळायला पाहिजेत.

सदलग्याचा
मोटर विहिरीवर आहे. बॅटरी घेऊन जातोय. पोराला पण घेतलंय फोन धरायला.