८४ टक्के असून डिप्लोमा? घरात सुतक पडलंय, तुमचं मत काय?

तिसरा_बाक
भाचा यंदा दहावी झाला, ८४ टक्के. म्हणतो अकरावी नको, मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. तेव्हापासून ताईकडे सुतक आहे. तिचं एकच पालुपद, एवढे मार्क असून डिप्लोमा? तो ज्याला सायन्स झेपत नाही त्याने करायचा. दाजी नेहमीप्रमाणे गप्प. मला मात्र पोराचं पटतंय आणि मी तसं तोंडावर बोललो म्हणून आता व्हिलन मीच.

माझा हिशोब साधा आहे. अकरावी-बारावी दोन, इंजिनिअरिंग चार, झाली सहा वर्षं. डिप्लोमा तीन, मग डायरेक्ट सेकंड इयर, म्हणजे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन, पुढची तीन, तीही सहाच. वर्ष कुठेच वाया जात नाही. पण पहिल्या रस्त्यावर दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज, रँक यातच जातात आणि शेवटी सीईटी या प्रवेश परीक्षेच्या तीन तासांवर सगळं ठरतं, दुसऱ्या रस्त्यावर सीईटीच नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर ॲडमिशन. आणि मधेच घरची परिस्थिती बिघडली तर डिप्लोमावाल्याच्या हातात निदान काहीतरी असतं, बारावी सायन्सच्या नुसत्या मार्कशीटवर कोण उभं करतं? माझं स्पष्ट मत, ज्याला इंजिनिअरिंगच करायचंय त्याला अकरावी सायन्स म्हणजे उगाच वळसा. बोला.

सीईटीग्रस्त
"ज्याला इंजिनिअरिंगच करायचंय" इथेच सगळी गोम आहे दादा. १५ वर्षांच्या पोराला काय करायचंय हे त्याला तरी कुठे माहीत असतं? मी दहावीला असाच मेकॅनिकल मेकॅनिकल करत फिरायचो. अकरावीत केमिस्ट्रीचे एक सर भेटले आणि डोकं फिरलं, आज फार्मसीत आहे आणि मजेत आहे. तेव्हा डिप्लोमाला गेलो असतो तर आवडत नसलेलं तीन वर्षं रेटत बसलो असतो. मेडिकलच्या नीटला बारावीची बायोलॉजी लागते, सैन्यात अधिकारी व्हायला एनडीएला जायचं तर बारावी लागते, पुढे साधी बीएस्सी करावीशी वाटली तरी सहसा बारावी लागते. सायन्स घेतलं की दोन वर्षं विचार करायला मिळतात. तुम्ही पोराची ती दोन वर्षं काढून घेताय.

लेथमशीन
विचार करायला दोन वर्षं 😂😂 कुठल्या जगात राहता भाऊ? आमच्या चुलतभावाला इंटिग्रेटेड कॉलेजात टाकलेला, म्हणजे कॉलेज फक्त कागदावर, प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं, बाकी सकाळी सात ते संध्याकाळी सात क्लासच्या बाकावर. प्रयोगशाळेत दोन वर्षांत किती वेळा गेला असेल, बोटावर मोजण्याइतका. घरच्यांचे दोन लाख गेले आणि पोरगं रविवारी पण टेस्टच्या भीतीने जेवायचं नाही. विचार करायला फुरसत होती कोणाला?

मी स्वतः सरकारी पॉलिटेक्निकचा आहे. पहिल्याच सेमिस्टरला वर्कशॉप, हातात कानस दिली आणि लोखंडाचा तुकडा काटकोनात घासायला लावला, आठ दिवस घासत होतो, तळहाताला फोड आले. पण तेव्हा कळलं की हे आपल्याला आवडतंय. आणि आमच्यातल्या दोघांना तिथेच कळलं की हे आपलं काम नाही, त्यांनी पुढच्या वर्षी अकरावी घेतली. एक वर्ष गेलं फक्त. आवडनिवड अशी समजते, क्लासमध्ये बसून नाही.

नुसताच_वाचक
आवडनिवड समजायला आमच्या वेळी बोर्डाने कल चाचणी आणली होती, २०१६ ला सुरू झाली, आमची त्याच्या पुढच्या वर्षीची बॅच. सात क्षेत्रं होती त्यात. माझा कल निघाला गणवेशधारी सेवा. आई आठवडाभर सगळ्यांना सांगत होती पोरगा पोलिसात जाणार. सध्या मी विमा कंपनीत क्लेमच्या फाइली बघतो. गणवेश शाळेतला तो शेवटचाच. चालू द्या चर्चा.

गणिताच्या_बाई
इंजिनिअरिंगला गणित शिकवते, सोळा वर्षं झाली, त्यामुळे दोन्हीकडून आलेली मुलं माझ्यासमोर एकाच वर्गात बसतात. तिसरा_बाक, तुमच्या सहा-सहाच्या हिशोबात एक गोष्ट राहिली. डायरेक्ट सेकंड इयरला येणारा मुलगा पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर, एम-वन आणि एम-टू, न करता थेट दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीत येतो. पहिल्याच आठवड्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म. बारावीवाल्याने बारावीत इंटिग्रेशन घासलेलं असतं, वर पहिलं वर्ष केलेलं असतं. डिप्लोमात गणित असतं ते पहिल्या दोन सेमिस्टरपुरतं, त्यानंतर दोन वर्षं त्याचा हात सुटलेला असतो. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीन डिझाइन यात हीच मुलं बाकीच्यांना शिकवतात आणि एम-थ्रीच्या पेपरला मात्र रडतात. डिप्लोमाला ९२ टक्के असलेल्या मुलाला एम-थ्रीत केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेला, मी दरवर्षी बघते. त्याची हुशारी कमी नसते हो, कोणी त्याला आधी सांगितलेलंच नसतं.

उपाय अवघड नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं काढायची, पीडीएफ फुकट मिळतात, आणि डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन ही प्रकरणं रोज अर्धा तास सोडवायची. नुसतं वाचायचं नाही, सोडवायचं. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत पण ती आधी लावू नका, झोप येईल. पुस्तक झालं की मग.

सीईटीग्रस्त
बघा, बाईंनीच सांगितलं. म्हणजे शेवटी अकरावी-बारावीचं गणित करायचंच आहे तर मग ते सरळ अकरावी-बारावीतच का करू नये?

गणिताच्या_बाई
मी तसं म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. बारावी करून आलेल्यांचं दुसरं दुखणं आहे. त्यांना सीईटीचं गणित येतं, म्हणजे चार पर्यायांतून उत्तर हुडकायचं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे उरलेल्या प्रश्नांना कुठलाही पर्याय निवडून यायची सवय. सलग दोन पानं गणित मांडायला सांगितलं की हात थांबतो. दोघांनाही खड्डा आहे, खड्डे वेगवेगळे आहेत एवढंच.

आईचा_मोबाईल
माझी मुलगी आता नववीत आहे, मराठी माध्यम, सेमी. तिला पण कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा आहे असं म्हणते पण मला भीती वाटते की तिथे सगळं इंग्लिशमध्ये असतं आणि मुलगी आधीच कमी बोलते, आणि बारावी नसेल तर उद्या लग्नाच्या वेळी पण विचारतात शिक्षण काय. कोणी ताई डिप्लोमा केलेली असेल तर सांगा.

लेथमशीन
ताई लग्नाचं राहू द्या आत्ता, नववीत आहे ती 🙏 पहिलं सेमिस्टर जड जातं हे खरं, मी पण मराठी माध्यमाचाच. पण शब्द ठराविक असतात, तेच तेच परत येतात, दिवाळीपर्यंत सवय होते. आता एमएसबीटीईने, म्हणजे डिप्लोमाच्या बोर्डाने, मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय पण दिलाय. सेमीवाल्यांना तर गणित-विज्ञान आधीच इंग्लिशमध्ये असतं.

ड्रॉइंगशीट
ताई, मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, ६० च्या वर्गात आम्ही अकरा मुली होतो. मी पण बोलायची नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर येतात आणि एकट्याने उत्तर द्यायचं असतं, दर सेमिस्टरला, तिथे बोलणं येतंच, न येऊन सांगता कोणाला. पण मी इथे थोडं विरुद्ध पण बोलणार आहे. माझा डिप्लोमा खासगी कॉलेजातून झाला, नाव घेत नाही, तिथे सर्व्हेइंगची, म्हणजे जमीन मोजणीत कोन मोजायची, दोनच थिओडोलाइट होती त्यातलं एक बंद, आणि जर्नल सीनियरचं बघून उतरवायचं हीच प्रॅक्टिकल. वर लेथमशीन यांनी जे वर्कशॉपचं गुणगान केलं ते कॉलेजवर आहे. डिप्लोमा चांगला की अकरावी यापेक्षा कुठला डिप्लोमा हे आधी विचारा. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये चहा पिऊन येऊ नका, दुपारी दोन वाजता वर्कशॉपमध्ये जा, मशीन चालू आहेत का आणि त्यांच्यावर धूळ आहे का बघा.

आणि सिव्हिलवाल्यांसाठी, बांधकाम खात्यातल्या कनिष्ठ अभियंता पदाला डिप्लोमा चालतो, रेल्वेच्या जेईला पण. मी दोन वर्षं तयारी केली, लागले नाही, ते पण सांगते, नाहीतर वाटायचं डिप्लोमा झाला की सरकारी नोकरी ठेवलेलीच आहे.

सीईटीग्रस्त
हे प्रामाणिक बोललात. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, ज्याचं नक्की नाही त्याने बारावीच करावी. पण ज्याचं थोडंफार नक्की आहे त्याचं काय यावर मी अडतोय खरा.

नुसताच_वाचक
तिसरा_बाक, एक विचारू? भाच्याला मेकॅनिकल का हवंय? बाइक आवडते म्हणून?

तिसरा_बाक
बरोबर नस पकडलीत. मी पण हेच विचारलं. म्हणाला मामा, शाळेच्या रस्त्यावर गॅरेज आहे तिथे मी आठवीपासून सुट्टीत बसतो, कार्बोरेटर दोनदा उघडलाय, आणि मला ती वस्तू अशीच का बनवली ते समजून घ्यायचंय. हे ताईला माहीतच नव्हतं, तिला वाटायचं पोरगा क्रिकेट खेळायला जातो. त्यामुळे काल वेगळाच तमाशा झाला.

बाईंचं गणिताचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं, वळसा हा शब्द मी जरा जोरात वापरला. भाच्याला सांगितलं तर तोंड वाकडं केलं त्याने, गणितात ७१ आहेत.

ड्रॉइंगशीट
७१ वाईट नाहीत. फॉर्म दोन्ही भरा, अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया वेगळी, डिप्लोमाची तंत्रशिक्षण संचालनालयाची वेगळी. फक्त पसंतीक्रम भरताना डोकं ठिकाणावर ठेवा. डिप्लोमात पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की, मग पुढच्या फेरीत चांगलं मिळेल म्हणून थांबता येत नाही. अकरावीत पहिल्या पसंतीचं लागून घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आमच्या शेजाऱ्यांनी सायबर कॅफेवाल्याला भरायला सांगितलं आणि त्याने यादीत वर दिसेल ते पहिलं टाकलं.

आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना, बघा. प्रत्येक कोर्सला ५ टक्के जागा, ट्यूशन फी माफ. त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, तो ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो, तिथेच लोक चुकतात. त्या जागेवर गेलात तर नंतर ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही हे पण लक्षात ठेवा.

लेथमशीन
आणि मूळ दाखल्याच्या झेरॉक्स मारून ठेवा, एका ठिकाणी ओरिजिनल जमा केला की परत मिळवताना चपला झिजतात.

तिसरा_बाक
अपडेट. आज भाचा आणि दाजी दोघं सरकारी पॉलिटेक्निक बघायला गेलेले, दुपारी दोनला, ड्रॉइंगशीट ताईंनी सांगितलेली वेळ. लेथ चालू होत्या म्हणे. दाजी आल्यापासून बोलायला लागलेत, त्यांनी लग्नाआधी मिलमध्ये काम केलंय हे मला पण आज समजलं. ताई अजून फुगलेलीच आहे पण मगाशी फोन करून विचारत होती, उत्पन्नाचा दाखला तहसीलला किती दिवसांत मिळतो. कोणाला अनुभव?