संदेष्टे भविष्य सांगत होते की जाब विचारत होते?

घाटमाथा (धागाकर्ता)

आमच्या वाचन गटात सध्या बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे (देवाचा निरोप लोकांना सांगणारी माणसं) चालू आहेत. आमोस, मीखा झाले, आता यिर्मया. गटात काही ख्रिस्ती, काही माझ्यासारखे नुसतेच चौकस. तिथे एक सवय मला खटकते. वहीत दोन रकाने आखायचे: डावीकडे 'भाकीत', उजवीकडे 'कुठे पूर्ण झालं'. उजवा रकाना भरला की अध्याय संपला, चहा आणा.

माझं मत आधीच सांगतो, मग हवं तेवढं झोडपा. या रकान्यांपायी संदेष्टे वाचायचेच राहून जातात.

यिर्मयाचा २६वा अध्याय घ्या. यहूदाचा राजा यहोयाकीम नुकताच गादीवर आलाय. यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहून सांगतो की सुधारला नाहीत तर हे मंदिर उद्ध्वस्त होईल. याजक त्याला धरतात, 'याला मारा' म्हणून ओरडा होतो. तेवढ्यात काही वडीलधारे उठतात आणि जुना दाखला देतात: शंभरेक वर्षांपूर्वी हिज्कीया राजाच्या काळात मीखाही हेच बोलला होता, सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल म्हणून. हिज्कीयाने त्याला मारलं का? उलट तो घाबरला, देवाला शरण गेला आणि संकट टळलं.

म्हणजे मीखाचं बोलणं तेव्हा खरं झालं नाही, आणि तरीही (माझ्या मते म्हणूनच) तो खरा संदेष्टा ठरला. योनाचंही तेच. चाळीस दिवसांत निनवे पालथं होणार म्हणाला, लोकांनी पश्चात्ताप केला, शहर वाचलं. योना मात्र फुगून बसला. या माणसांना उजव्या रकान्यात कुठे बसवणार?

आमोस तर तकोवाचा मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा. इ.स.पू. आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या राज्यात, सरळ बेथेलला, त्या राज्याच्या मोठ्या देवस्थानी, जाऊन बोलला. काय बोलला? तुमचं माप लहान आणि वजन मोठं आहे, जोड्याच्या एका जोडासाठी तुम्ही गरिबाला विकता, आणि वर हस्तिदंती पलंगांवर लोळता. त्या राज्याची राजधानी शोमरोन, तिथल्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे ढिगाने मिळालेत, तेव्हा हे हवेतलं बोलणं नव्हतं. हे भविष्य नाही, पंचनामा आहे.

वसईवाला

पंचनामा शब्द आवडला, मुद्दा अर्धाच पटला. 'पूर्ण झालं' ही भाषा आमच्या उपदेशकांनी शोधून काढलेली नाही. नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा. नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हातात यशयाची गुंडाळी देतात. तो वाचतो: गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. गुंडाळी परत देऊन खाली बसतो आणि म्हणतो, हा शास्त्रलेख आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला. आता हे भाकीत की पंचनामा? दोन्ही. तुम्ही जी भिंत घालताय ती त्या ओळींत नाहीच. आम्ही उजवा रकाना काढला तर नव्या करारात उरेल काय?

शिवाय 'अनुवाद' या मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात कसोटी स्पष्ट दिलीय: बोललेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं वचन नव्हे. ही मोशेची कसोटी आहे, आमची नाही.

तिरकस

दोघेही शास्त्रापुढे हात जोडून उभे आहात, म्हणून मधला मार्ग दिसत नाही. ही पुस्तकं हातोहात वाढत गेलीत. आमोस आठ-साडेआठ अध्याय आग ओकतो आणि शेवटच्या पाच ओळींत एकदम डोंगरांवरून गोड द्राक्षारस वाहू लागतो! त्या ओळी मागाहून जोडल्या असं बरेच अभ्यासक मानतात. आणि तुमची कसोटी यहेज्केलला लावा. २६व्या अध्यायात सोर हे किनाऱ्यावरचं नगर बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्रेस्सर धुळीला मिळवणार म्हणून तपशीलवार वर्णन आहे. २९व्यात तोच यहेज्केल सांगतो की वेढ्यात सैनिकांच्या डोक्यांची टक्कलं झाली, खांदे सोलवटले, पण सोरेतून मजुरी हाती लागली नाही, म्हणून देव बदल्यात मिसर (इजिप्त) देतो. थोडक्यात, अंदाज चुकला, सुधारित आवृत्ती काढली.

घाटमाथा

@तिरकस, काढली, पण जुनी फाडली नाही! जोडणारे इतके हुशार असते तर त्यांनी २६वा अध्याय गुपचूप नीट केला असता. दोन्ही शेजारी ठेवले, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

@वसईवाला, लूकचा मुद्दा जोरदार आहे. पण बघा, यशयातली ती ओळ पुढे 'सूड घेण्याच्या दिवसा'पर्यंत जाते. लूकमधलं वाचन त्याआधीच थांबतं. वचनं जशीच्या तशी उजवीकडे उतरवणाऱ्याचं हे काम नाही.

अलिबाग_ते_अश्दोद

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यामुळे हा वाद आमच्याच घरातल्या सामानावरून चाललाय असं वाटतं. :) योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या दिवशी) सकाळी यशयाचा ५८वा अध्याय वाचतात. दिवसभराचा उपवास चालू, आणि कानावर पडतं: असला उपवास मला हवाय का? भुकेल्याला भाकर दे, उघड्याला पांघरूण दे. दुपारी योना. घाटमाथांचं म्हणणं मला त्यामुळे जवळचं. (आजोबांचं पनवेलचं सिनेगॉग 'बेथ एल'. आमोसला हाकललं ती जागा त्याच नावाची. असो.)

यशयाच्या ज्या ५३व्या अध्यायावर (दुसऱ्यांची पापं सोसणारा सेवक) ख्रिस्ती मंडळींचा सगळा भार, तो आमच्या सार्वजनिक वाचनात येतच नाही. सांत्वनाच्या सात शब्बाथांना (शनिवारच्या पवित्र दिवशी) यशयाच वाचतात. ५२च्या मध्यावर थांबतात आणि पुढच्या वाचनाला ५४ उघडतात. कारणांवर वाद आहेत. पण 'हे सगळं येशू या एकाच माणसाबद्दल लिहिलंय' हे आम्ही कधीच तसं ऐकलं नाही.

वसईवाला

मान्य, तुमचा आधीचा हक्क. पण १९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत मिळालेली यशयाची मोठी गुंडाळी येशूच्या शंभरेक वर्षं आधीची आहे आणि ५३वा अध्याय तिच्यात जागच्या जागी आहे. म्हणजे आम्ही तो मागाहून घुसडला नाही. तो कुणाबद्दल, हा प्रश्न नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' पुस्तकातला कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) अधिकारीही रथात बसून विचारतोच.

ओवीचंद

एवढं लांब कशाला जायचं? ढोंगावर कोरडे ओढणारे आपले तुकोबा आहेतच. तेच ते.

घाटमाथा

तेच ते अजिबात नाही. शहराला वेढा पडलेला असताना 'बाबेलला शरण जा, तरच जगाल' हे राजधानीत उभं राहून सांगणं ही वेगळीच जात आहे. सैन्याचं मनोधैर्य खचवतो म्हणून सरदारांनी यिर्मयाला टाक्यात सोडलं. पाणी नव्हतं, चिखल होता, त्यात तो रुतला. एबद-मलेख नावाच्या कूशी सेवकाने जुन्या चिंध्या खाली सोडल्या आणि सांगितलं, या काखेत धर, त्यावर दोर घे. वारीत हा प्रसंग सापडणार नाही. आणि त्याने तुकोबा लहानही होत नाहीत.

वसईवाला

यिर्मयाच काढलात तर २८वाही वाचा. हनन्या म्हणतो दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू सगळ्यांसमोर मोडतो. यिर्मया काय म्हणतो? शांतीचं सांगणारा खरा की खोटा ते घडल्यावर कळेल. म्हणजे पडताळणी पुस्तकातच आहे. हनन्या त्याच वर्षी मेला, हेही नोंदवलंय.

घाटमाथा

त्याआधीची ओळ? हनन्याचं ऐकून यिर्मयाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'आमेन, परमेश्वर तसंच करो'. स्वतःचं भाकीत खोटं पडावं असं वाटणारा माणूस आहे तो.

वसईवाला

वाटत असेल. पण लगेच त्याला परत पाठवलंय, हनन्याला सांगायला: लाकडी मोडलंस, आता लोखंडी येईल. आलंही.